सायकल स्टँडवरचं हृदय

नाझिया मणियार पहिल्या वर्षाला प्राणिशास्त्रात नापास झाली, तेव्हा तिनं घरच्यांना दिलेली बातमी अशी होती : "अब्बा, पेपर चुकीचा काढला होता."

तिचे अब्बा, बाबुलाल मणियार, त्या वेळी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानात एका जाडजूड मनगटाशी झुंजत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "मग?"

हा 'मग?' म्हणजे मणियारांच्या धंद्याचं अर्धं भांडवल. बाई म्हणाली, "लई घट्ट हाय हो," की बाबुलाल म्हणणार, "मग?" बाई थोडा विचार करणार आणि स्वतःच म्हणणार, "मग एक माप मोठी दावा." बाबुलालनी गिऱ्हाइकाला आयुष्यात कधी सल्ला दिला नाही. गिऱ्हाईक स्वतःच्या सल्ल्यानं खरेदी करून जायचं आणि वर म्हणायचं, बाबुलालभाई मोठा समजूतदार माणूस.

"मग एटीकेटी," नाझिया म्हणाली. एटीकेटी म्हणजे पुढच्या वर्गात जायचं, पण मागचा विषय शेपटासारखा ओढत न्यायचा.

"मग?"

"मग परत देते पेपर."

"दे की," बाबुलाल म्हणाले आणि ते मनगट एकदाचं बांगडीत गेलं.

नाझिया घरात दखनी बोलायची, बाजारात मराठी आणि पेपरात इंग्रजी. पहिल्या दोन भाषांत तिच्यापुढं कुणाचा निभाव लागत नसे. तिसरीत तिचा लागत नसे. दुकानात बसून तिचा आवाज असा तयार झाला होता, की शिरूरच्या कॉलेजात ती पहिल्या मजल्यावरून कुणाला हाक मारू लागली की ग्रंथालयातले लोक 'आलो, आलो' म्हणून उठायचे.

ती दुसऱ्या वर्षात गेली, त्याच वर्षी वरून एक परिपत्रक आलं. विद्यार्थ्यांनी लहान गट करून एकमेकांना शिकवावं, असं त्यात होतं. विभागप्रमुख पलांडे सरांनी ते दोनदा वाचलं. बावीस वर्षं त्यांनी ज्या वहीतून डिक्टेशन दिलं होतं ती वही आता हळदीच्या रंगाची झाली होती, आणि त्या वहीनं शिरूर तालुक्याला निदान चाळीस शिक्षक दिले होते. आता पोरांनी पोरांना शिकवायचं म्हणजे मग त्या वहीनं काय करायचं? पण परिपत्रक ते परिपत्रक. सरांनी गट पाडले आणि प्रत्येक गटाच्या डोक्यावर एक हुशार विद्यार्थी बसवला.

नाझियाच्या गटावर महेंद्र आला. महेंद्र वर्गात पहिला. तो यायचा, वही उघडायचा आणि वाचायचा. पहिल्या दिवशी गटातले सगळे होते, दुसऱ्या दिवशी पाच, तिसऱ्या दिवशी तिघं. चौथ्या दिवशी नाझियानं त्याला मध्येच थांबवलं.

"महेंद्र, ऑस्मोसिस म्हंजी काय रे?"

महेंद्रनं व्याख्या म्हटली. एकही स्वल्पविराम न सोडता.

"मग?"

त्यानं परत तीच म्हटली, थोडी मोठ्यानं.

"आरं ते झालं. पण मनुका पाण्यात टाकल्यावर फुगती, ती का फुगती?"

"मनुका सिलॅबसमध्ये न्हाई," महेंद्र म्हणाला. खरंच नव्हती. दुसऱ्या दिवसापासून महेंद्रही नव्हता. आपला वेळ वाया जातो, असं सरांना सांगून तो गेला. जाताना ग्रंथालयातलं चांगलं पुस्तकही घेऊन गेला. ते पुस्तक एकच होतं.

मग गट नाझियानं घेतला. तिला कुणी दिला नाही, तिनं घेतला. पलांडे सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"मणियार, तू लीडर? तुझा स्वतःचाच विषय राहिलाय."

"म्हणूनच सर. हा विषय कुठं अवघड जातो, ते महेंद्रला विचारा. त्याला सांगताच येणार न्हाई. मला पान नंबरासकट म्हाईत हाय."

सरांनी हातानंच तिला जायला सांगितलं. काही माणसांशी वाद घालायला वेगळी रजा काढावी लागते, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

गट बसायचा कॉलेजच्या सायकल स्टँडवर. नाव सायकल स्टँड, पण सायकल तिथं कित्येक वर्षांत आलेली नव्हती. पोरं एस.टी.नं, जीपनं नाहीतर गाडीवर यायची. पत्र्याचं छप्पर, खाली गुळगुळीत कोबा, आणि खडूनं काढलेलं पुसायला एक पाण्याची बादली. दोन वाजता बसायचं आणि साडेचारच्या गाडीला उठायचं. एकूण आठ जण. त्यांतली वैष्णवी फराटे मांडवगण फराट्याची. घरी बावीस एकर ऊस, चुलते सोसायटीचे चेअरमन, आणि पोरगी एवढी हळू बोलायची की हजेरीला तिची 'प्रेझेंट' शेजारणीनं परत सांगावी लागे. इंद्रजीत कासुर्डीचा, म्हणजे नदीपलीकडं दौंड तालुक्यातला. तो चौफुला-न्हावरा करत रोज शिरूरला यायचा, कारण पुण्याला पाठवलं तर पोरगं बिघडेल, असं घरच्यांचं मत होतं. रोज चार तास एस.टी.त बसून बिघडायला त्याला वेळच उरला नव्हता.

गटात नाझियाचा एक कायदा होता. ज्याला उत्तर येतं त्यानं सांगायचं नाही. त्यानं विचारायचं. असं विचारायचं की दुसऱ्याच्या तोंडून ते बाहेर आलं पाहिजे. कुणी मध्येच उत्तर फोडलं, तर पुढची पंधरा मिनिटं त्याला तोंडावर रुमाल धरून बसायची शिक्षा. इंद्रजीतच्या रुमालाला गटात सगळ्यांत जास्त काम पडे.

हे कुणाला पोरखेळ वाटेल. पण दिवाळीनंतर या आठांतल्या एकीनं प्रॅक्टिकलला परीक्षकाला उलट प्रश्न विचारला आणि परीक्षक विचारात पडले, अशी गोष्ट कॉलेजात फिरली. वैष्णवीचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचू लागला. आणि नाझिया मागचा राहिलेला पेपर परत देऊन आली, तेव्हा तिला पहिल्यांदाच वाटलं की पेपर बरोबर काढलाय.

जानेवारीत हृदय आलं.

हृदयाच्या नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. आकृतीचं बोरासारखं काळं वाटोळं झालं होतं. रेघा उरल्या होत्या, रेघांच्या टोकांची नावं गेली होती. पुस्तक महेंद्रकडं. नाझियानं ती आकृती कोब्यावर खडूनं काढली, पण चांगली मोठी. इतकी मोठी की एकेका कप्प्यात एक माणूस उभा राहावा. मग पायथ्याशी उभी राहून तिनं दोन्ही हात पसरले आणि नावं दिली. हा आपला डावा हात, ही डावी बाजू. हा उजवा, ही उजवी. कुणाला काही शंका?

शंका नव्हती. चौघं चार कप्प्यांत उभे राहिले. एक जण फुप्फुस झाला, एक जण बाकीचं सगळं शरीर. इंद्रजीत रक्त झाला. अशुद्ध रक्ताला वैष्णवीचा निळा स्कार्फ, शुद्धाला आणखी एकीची लाल ओढणी. इंद्रजीत निळा स्कार्फ गळ्यात घालून निघाला, की प्रत्येक कप्प्यात त्याला अडवायचं.

"कुठनं आलास?"

"सगळं शरीर फिरून आलो, दमलो."

"गळ्यात काय?"

"निळं. ऑक्सिजन संपला."

"मग कुठं चाललास?"

"खालच्या कप्प्यात. तिथनं फुप्फुसाला."

"आन् परत माघारी आलास तर?"

"येऊच शकत न्हाई. दार एकाच अंगाला उघडतंय."

फुप्फुसापाशी स्कार्फ द्यायचा, ओढणी घ्यायची, दुसऱ्या बाजूनं आत यायचं आणि खालच्या कप्प्यातून एका दणक्यात शरीराकडं सुटायचं. प्रत्येकानं एकदा रक्त व्हायचं. बघायला शिपाईमामा उभे राहिले. तिसऱ्या फेरीला शिपाईमामाच म्हणाले, "आरं, त्यो लाल ओढणीवाला जोरात पळाला पाहिजे, त्याला लांब जायाचंय." सगळं शरीर पालथं घालायचं म्हणजे खालच्या त्या कप्प्याची भिंत जाड लागणार, हे नाझियाला त्यांना सांगावंच लागलं नाही.

त्या दिवशी एकच माणूस गप्प होता : वैष्णवी. पण ती गप्प असणं ही काही बातमी नव्हती.

आठ दिवसांनी अंतर्गत परीक्षा झाली. हृदयाची आकृती काढून रक्ताचा प्रवास लिहा, दहा गुण. आठही जणांनी भरभरून लिहिलं. आणि त्यानंतरच्या सोमवारी नोटीस बोर्डावर आठ नंबर लागले. समोर एकच शेरा : 'सामूहिक कॉपी. पालकांसह भेटावे.'

केबिनमध्ये पलांडे सरांनी नाझियापुढं आठ पेपर टेबलावर पत्त्यांसारखे पसरले होते. प्रत्येकावर लाल अक्षरात 'कॉपी' लिहिलं होतं.

"आठ जणांची आकृती एकसारखी उलटी," सर म्हणाले. "डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं. वर्गात साठ पोरं आहेत. ही चूक दुसऱ्या एकानंही केलेली नाही. आठांनी केली, ती आठही तुझ्या गटातली. याला काय म्हणायचं?"

"चूक म्हणायचं," नाझिया म्हणाली. "कॉपी केली असती तर बरोबर आलं असतं की सर!"

"का? चुकीची कॉपी होत नाही? एकीनं चुकवलं, सात जणांनी उचललं."

नाझियाचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ही गोष्ट कॉलेजच्या इतिहासात फार वेळा घडलेली नव्हती.

सरांनी आठ छापील कागद पुढं ठेवले. माफीनामे. सही करा, पास होण्यापुरते गुण देतो, विषय संपला. सही नाही केली तर शून्य, प्राचार्यांकडं अहवाल. गट मात्र दोन्ही बाबतींत बंद. उद्या दुपारपर्यंत विचार करा, पालकांना घेऊन या.

सायकल स्टँडवर त्या दुपारी कुणी खडू हातात घेतला नाही.

"सही करून टाकू की," इंद्रजीत म्हणाला. "मार्क तर मिळत्यात."

"तू केलीस का कॉपी?"

"न्हाई."

"मग सही कशाची करतोस?"

"आगं, पण शून्य पडलं तर तुझंच वर्ष जातंय नाझे. मागच्या पेपराचा निकाल अजून लटकलाय तुझा. आमचं काय, आम्ही काढू कसं तरी."

हे खरं होतं, आणि सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच इंद्रजीत सही करायला निघाला होता, स्वतःसाठी नव्हे. नाझियाला ते कळलं आणि त्यामुळं ती जास्तच भडकली.

"माझ्यासाठी चोर होऊ नकोस, इंद्या. मी नापास झालेली हाय, मला त्याची सवय हाय. चोर झालेली न्हाई. आज त्या कागदावर सही केली, तर उद्या आपल्याला जे जे येतंय ते सगळंच कॉपीचं ठरंल. वैष्णवी परीक्षकापुढं बोलली ती कॉपी. मनुका का फुगती ते तू सांगितलंस ती कॉपी. मी सही करणार न्हाई. कुणाला करायची त्यानं करा, मी रुसणार न्हाई."

मग वैष्णवी म्हणाली, "मला म्हाईत होतं."

"काय म्हाईत होतं?"

"बारावीला आमच्या मॅडमनी उलटं सांगितलं होतं. म्हंजी, तू सांगितलंस त्याच्या उलटं. मला तवाच वाटलं. पण आपला कायदा, येतंय त्यानं सांगायचं न्हाई. आन् विचारावं कसं ते सुचंना. मग म्हटलं, नाझिया म्हणतीया तर मीच चुकत आसंन. पेपरात पण तेच लिहिलं."

बावीस एकर उसाची पोरगी रडायच्या बेतात होती. आपल्या कायद्याचा नाझियाला मोठा अभिमान होता; आणि त्याच कायद्यानं एका माहीत असलेल्या माणसाच्या तोंडावर रुमाल धरला होता.

"उद्या ये," एवढंच ती म्हणाली. "हेच सगळं सरांपुढं बोल. पण मोठ्यानं."

दुसऱ्या दिवशी बाबुलाल मणियार लग्नाकार्याला घालायचं जाकीट घालून आले. बाकी सात पालकांपैकी एकही आला नव्हता. सात घरांत ही गोष्ट पोचलीच नव्हती, पोरांनी ती वाटेतच थांबवली होती. नाझिया मात्र घरी गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. बाबुलालनी फक्त "मग?" विचारलं होतं आणि जाकीट इस्त्रीला दिलं होतं.

केबिनमध्ये शिरताच ते पलांडे सरांकडं निरखून बघू लागले.

"सर, तुमची सासुरवाडी न्हावऱ्याची न्हवं? तुमच्या लग्नातला चुडा मीच भरला. नवरीचं माप दोन-सहा."

सर एकदम सावरून बसले.

"आता दोन-आठ लागत आसंल," बाबुलाल मायेनं म्हणाले. आडनावं त्यांच्या लक्षात राहत नसत, गावं आणि मापं राहत. सरांनी घसा खाकरला आणि बसायला खुर्ची दिली. मग त्यांनी झाला प्रकार सांगितला आणि माफीनामा पुढं सरकवला.

"सही न्हाई," नाझिया उभ्या उभ्याच म्हणाली. "सर, तुम्ही म्हणता एकीचं बघून सातांनी उचललं. बघून उचललेलं माणसाला सांगता येत न्हाई. एकेकाला आत बोलवा. बाकीच्यांना बाहेर उभं करा, मोबाईल काढून घ्या, मला पण बाहेर काढा. विचारा हृदय. ज्याला सांगता येणार न्हाई, त्याच्या नावानं मी स्वतः सही करते. कॉपी म्हणून."

"आठही जणांना?"

"आठही."

सरांनी घड्याळाकडं बघितलं. पण अवघड विद्यार्थी भेटला की मास्तराच्या हाताला जी एक खाज सुटते, ती त्यांना सुटली होती. बावीस वर्षांत त्यांना कुणी 'विचारा' असं म्हटलेलं नव्हतं. सगळ्यांनी 'विचारू नका'च म्हटलं होतं.

बाबुलाल खुर्चीत तसेच राहिले. त्यांना उठवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि ते स्वतःहून उठणाऱ्यांतले नव्हते.

वैष्णवी आत आली. तिनं उसाच्या रानातून सुरुवात केली. विहिरीवरची मोटर, मेन लाईन, तिला फुटलेल्या सबलाईन, पाणी माघारी येऊ नये म्हणून बसवलेला व्हॉल्व्ह. "सर, मोटर एक न्हाई, दोन हायेत. एक फुप्फुसापुरती, बारकी. दुसरी सगळ्या रानाला पाणी देणारी. म्हणून दुसरीची बॉडी जाड." आणि मग तिनं डावं-उजवं उलटं सांगितलं. तिला खरं येत होतं. पण पेपरात लिहिलं ते सांगायला बोलावलंय, असं तिला वाटलं. सांगून झाल्यावर मात्र ती थांबली आणि खणखणीत म्हणाली, "पण हे डावं-उजवं चुकीचं हाय. मला तवाच माहीत होतं आन् मी विचारलं न्हाई. ती माझी चूक." सर चष्म्यावरून बघतच राहिले. या मुलीचा आवाज त्यांनी दोन वर्षांत ऐकलेला नव्हता.

इंद्रजीत आला. त्याचं हृदय म्हणजे चौफुल्याचा एस.टी. थांबा. "गाडी शिरूरला जायची आन् गाडी दौंडला जायची, दोन्हीचं पॅसेंजर एकात मिसळलं तर गोंधळ व्हईल का न्हाई सर? म्हणून मधी भिंत." फुप्फुस म्हणजे डिझेल भरायचा डेपो. डावं-उजवं उलटं.

तिसरीनं दूध डेअरी सांगितली. चौथ्यानं आईच्या शिलाई मशीनचं पायडल सांगितलं आणि ते हृदयात कसं कोण जाणे बसवूनही दाखवलं. प्रत्येकाचा प्रवास बरोबर, प्रत्येकाचे शब्द वेगळे आणि प्रत्येकाचं डावं-उजवं तंतोतंत उलटं. सर मधेमधे आडवे प्रश्न टाकत होते. झडप फाटली तर? भिंतीला भोक पडलं तर? पोरं थांबत होती, डोळे मिटून पावलं टाकल्यासारखी हलत होती आणि उत्तर देत होती. त्यांच्या त्या हळदी रंगाच्या वहीत भोक पडलेल्या भिंतीबद्दल एक ओळ नव्हती.

शेवटी नाझिया आली. तोवर चार वाजले होते.

"कॉपी नाही असं धरू," सर म्हणाले. "पण मग ही चूक आली कुठून? सगळं येतं आणि डावं-उजवं येत नाही? ते पहिलीच्या पोराला येतं. मला कारण सांग. कारण सांगता आलं नाही, तर मी शेरा काढणार नाही."

नाझियाला कारण माहीत नव्हतं. रात्रभर विचार करून माहीत नव्हतं. तिनं बरोबर उभं राहून, बरोबर हात पसरून नावं दिली होती. डाव्याला डावंच म्हटलं होतं.

बाबुलाल एवढा वेळ टेबलावरची एक आकृती हातात घेऊन बघत होते. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून ते नुसतं चित्र बघत होते.

"हे माणसाचं काळीज न्हवं?" त्यांनी विचारलं. "मग माणूस कुठं बसलाय?"

"म्हणजे?"

"माझ्याकडं तोंड करून बसलाय, का पाठ करून? सर, मी चाळीस वर्षं बायकांच्या समोर बसून बांगड्या भरतोय. समोरच्या बाईचा डावा हात माझ्या उजव्या अंगाला येतो. नवीन नवीन मीबी चुकलो. एका हातात एक बांगडी जास्त भरायची आसती, ती भलत्याच हातात भरली. तिची सासू बाजारात येऊन मला जे बोलली, त्यानंतर परत चुकलो न्हाई."

नाझियानं आकृती घेतली, केबिनच्या फरशीवर ठेवली आणि तिच्या पायथ्याशी उभी राहिली. हात पसरले. मग खाली बघितलं. चित्रातला माणूस उताणा होता. तोंड तिच्याकडं.

"त्याचे हात बघितलेच न्हाईत आम्ही," ती हळूच म्हणाली. "त्याच्या अंगावर उभं राहिलो आन् त्याला आमचे हात लावले." आणि मग तिचा नेहमीचा आवाज परत आला. बाहेर उभ्या सातांनी तो स्वच्छ ऐकला. "सर, ही चूक माझी. झेरॉक्सवर नावं नव्हती, मी घातली. आठ पेपरांत आठ चुका न्हाईत, एकच हाय, माझी. ती मी सात जणांना इतकी नीट शिकवली की एकाचीबी हुकली न्हाई. मार्क कापा. सगळे कापा. चूक आमची हाय, ती आमच्याकडं राहू द्या. चोरी आमची न्हाई, ती खोडा."

पलांडे सरांनी टोपण काढलं. गुण दिले, दहापैकी सहा. मग नाझियाच्या पेपरावरच्या लाल 'कॉपी'वर एक रेघ मारली.

"झालं?"

"अजून सात, सर."

"अगं, ते मी करतो नंतर."

"मी थांबते."

दाराबाहेरून इंद्रजीतनं गाडी सुटायला पंधरा मिनिटं राहिली असल्याचा इशारा केला. नाझियानं तिकडं पाठ केली. बाबुलालही जाकिटाची बटणं काढून सैलसर बसले. सरांनी दुसरा पेपर ओढला, तिसरा ओढला. चौथ्याला ती म्हणाली, "सही पण हवी सर, रेघेशेजारी. उद्या कुणी म्हणंल, पोरांनीच खोडलं." सरांनी पहिले तीन परत घेऊन सह्या केल्या.

"आन् तारीख."

सरांनी तारखा घातल्या. आठव्या पेपरापर्यंत त्यांच्या कपाळाला घाम आला होता आणि चेहऱ्यावर, कुणाला दिसू नये एवढंच, हसू.

"गटाचं मी बघतो," ते पेन खिशाला लावत म्हणाले. "प्राचार्यांशी बोलावं लागेल. तोपर्यंत बंदच ठेवा."

"बोला की सर," नाझियानं आठही पेपर एकदा मोजून टेबलावर ठेवले. "पण बंद कसं ठेवणार? उद्या दोन वाजता किडनी हाय."

आणि गाडी गेली म्हणून बोंबलणाऱ्या सात जणांना घेऊन ती जीप धरायला निघून गेली.